एका शब्दात दोन्ही सर्व्हर चालू करायचेत, एलियस मधेच थांबतो

नवखा_डेव्ह:
उबंटू, बॅश (कमांड घेणारा प्रोग्राम, म्हणजे शेल). बॅकएंड जँगो, फ्रंटएंड व्हीट. रोज तेच: फोल्डरमध्ये जा, व्हीएस कोड उघड, रनसर्व्हर (जँगोचा सर्व्हर), दुसऱ्या टॅबमध्ये एनपीएम रन डेव्ह (व्हीटचा सर्व्हर), मग ब्राउझर. बॅशआरसीत (बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल) ‘कामाला’ असा एलियस (लांब कमांडचं छोटं नाव) केला, सगळ्या कमांड && ने जोडल्या. रनसर्व्हरपर्यंत नीट येतं, पुढे काहीच नाही. एररही नाही.

जुना_टर्मिनलवाला:
एरर कुठून येणार, बिघडलंय काय? && म्हणजे आधीची कमांड नीट संपली तरच पुढची. रनसर्व्हर मुळात संपण्यासाठी नसतोच.

आता कोणीतरी सांगेल, एकच & लावून तो मागे ढकला. ढकला, पण दोन्ही सर्व्हरचे लॉग एकाच खिडकीत कालवले जातील, आणि कंट्रोल-सी फक्त समोरच्याला लागेल. मागचा ८००० पोर्ट अडवून बसतो.

एलियस सोडा, फंक्शन लिहा आणि सोबत टीमक्स (एकाच टर्मिनलमध्ये अनेक विंडो चालवणारा प्रोग्राम) घ्या. फंक्शनने आधी ‘हॅज-सेशन’ने विचारायचं, या नावाचं सेशन (टीमक्सच्या विंडोंचा संच) आहे का. असेल तर थेट अटॅच, म्हणजे त्यातच शिरायचं. नसेल तर ‘न्यू-सेशन -डी’ने पडद्यामागे नवं काढायचं, दुसऱ्या सर्व्हरसाठी ‘न्यू-विंडो’, आणि दोन्हींत ‘सेंड-कीज’ने कमांड टाइप करवायची. सेंड-कीजचाच हट्ट अशासाठी, की न्यू-विंडोलाच कमांड जोडली तर सर्व्हर कोसळताक्षणी विंडोही बंद होते, एररसकट. सेंड-कीजमध्ये शेल मागे उरतो, काय झालं ते वाचता येतं. शेवटी ‘एंटर’ वेगळा द्या, नाहीतर कमांड टाइप होऊन तशीच ताटकळते.

प्रोजेक्टचं नाव $१ (फंक्शनच्या नावापुढे टाइप केलेला पहिला शब्द) म्हणून घ्या, म्हणजे दहा प्रोजेक्टना एकच फंक्शन पुरतं. एलियसमध्ये असं मधे काही घालता येत नाही. बॅशचं मॅन्युअलही जवळजवळ सगळ्या कामांना फंक्शनच बरं म्हणतं.

ब्राउझरचं काम व्हीटवर सोपवा: कॉन्फिगमध्ये सर्व्हरखाली ‘ओपन: ट्रू’. तुम्ही स्वतः उघडायला गेलात तर सर्व्हर उठण्याआधीच टॅब उघडून बसतो.

मॅकवाली:
फंक्शनऐवजी वेगळी स्क्रिप्ट चालणार नाही का? आणि मॅकवर बॅशआरसीत लिहिलेलं लागूच होत नाही.

जुना_टर्मिनलवाला:
टीमक्ससाठी स्क्रिप्ट चालेल. पण स्क्रिप्टमधला सीडी (फोल्डर बदलणारी कमांड) तिच्या स्वतःच्या शेलपुरता. तुमचं टर्मिनल जागचं हलत नाही. मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून नव्या खात्यांना बॅशऐवजी झेडशेल मिळतो, म्हणून त्याच्या झेडशआरसीत लिहा.

नवखा_डेव्ह:
चाललं! वेन्व (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) अ‍ॅक्टिव्हेट करणं पहिल्या विंडोत आणखी एका सेंड-कीजने घातलं. संध्याकाळी हे सगळं बंद कसं करायचं?

जुना_टर्मिनलवाला:
‘टीमक्स किल-सेशन -टी’ आणि पुढे सेशनचं नाव. दोन्ही सर्व्हर त्यासोबतच जातात. ‘सुट्टी’ नावाने ठेवा. इथे मात्र एलियस चालतो, कारण नाव शेवटी येतं.