फिट येणाऱ्यांनो, मनाचं काय चाललंय? अनुभव लिहा

डॉक्टरकडे गेलं की फिट कधी आली, गोळी चुकली का, झोप होते का एवढंच विचारतात, बाहेर गर्दी असते त्यामुळे त्यांचंही बरोबर आहे म्हणा. पण मनाचं कुठे बोलायचं? माझंच सांगते. चाळिशीला आलेय, बोरिवलीत आईबाबांकडे राहते. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, आणि पाण्याचा आवाज थांबला की बाहेरून आई लगेच "काय गं, बरी आहेस ना?" तिची भीती खरी आहे, एकदा आतच पडले होते. पण चोवीस तास कोणी ना कोणी सोबत असतं आणि बोलायला कोणीच नाही, हे घरात काढलं की "एवढं करतो तरी हिचं रडगाणं". तुमचं कसंय? नाव नाही लिहिलंत तरी चालेल.

डोंबिवली फास्ट
मला लोकलमध्येच आली. शुद्धीवर आलो तर घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर आडवा, कोणाची तरी चप्पल नाकाशी, आणि एक काका डब्यातला चमचा माझ्या तोंडात घालायच्या तयारीत. बाबांनो, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा पण नको, कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या आणि घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर 108 लावा. असो. जीभ चावलेली, पँट ओली. बॅग पुढे धरून तसाच घरी आलो, आजूबाजूचे सरकून उभे होते, ते फिटपेक्षा जास्त लक्षात राहिलंय. मग ऑफिसात कळलं. कोणी वाईट नाही वागलं, उलट फारच गोड वागायला लागले, फक्त बाहेर जेवायला जायचे प्लॅन माझ्यासमोर बोलायचे बंद झाले.

अनामिका
लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी चालू झाल्यावर मी नुसती फटाक्यासारखी फुटायचे, मुलावर, नवऱ्यावर, भाजीवाल्यावर. सासूबाई म्हणायच्या स्वभावच तसा आहे. मलाही तसंच वाटायला लागलं आणि रात्री रडायचे. शेवटी नवऱ्यानेच डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले या गोळीने काहींना चिडचिड, उदासी येते, आधी का नाही बोललात? हळूहळू गोळी बदलून दिली. मनाने बंद करू नका हां, अचानक थांबवली तर फिट्स वाढतात. आणि उदासी या आजारात पुष्कळ जणांना असते, त्यावर वेगळे उपचार आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

गिरगावचा
जागरण झालं की मला हमखास येते. त्यामुळे विसर्जनाची रात्र, लोणावळ्याचा प्लॅन सगळ्यातून मी वजा. मित्र आधी विचारायचे, आता विचारत पण नाहीत.

माहीमकर ताई
लग्नाचं कोणीच लिहीत नाहीये. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार, म्हणजे आपला फिटचा आजार, लग्नाच्या आड यायचा ती अट 1999 च्या दुरुस्तीत काढली, पण आमच्याकडे अजून मावशी "आधी सांगू नकोस, नंतर बघू" म्हणते. मी पहिल्याच भेटीत सांगते. बहुतेक जण कॉफी संपवतात आणि मग फोन येत नाही. एकाने विचारलं, आली तर मी काय करायचं? पुढे जमलं नाही, पत्रिका का काय ते, पण तो प्रश्न मला आवडला होता.

धागाकर्ती
वाचतेय सगळं. कोणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर 14416 वर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीपण चालू असतं. गिरगावचा, दिवसाउजेडी भेटायचा प्लॅन करू या का?

गिरगावचा
रविवारी सकाळी शिवाजी पार्क? कट्ट्यावर. दहाच्या आत, नंतर ऊन लागतं.

डोंबिवली फास्ट
मी येतो. आली तर चमचा नको फक्त 😄