नृत्यलिपी, नृत्यलेखन की नोटेशन?

नाचाच्या हालचाली कागदावर उतरवण्याच्या पद्धतीला मराठीत काय म्हणावं? एका भाषांतरात 'डान्स नोटेशन' अडलंय. 'नृत्यलेखन' लिहिलं तर वाचकाला नृत्यावरचे लेख वाटतील.

— शंका रास्त आहे. गाण्याचे सूर लिहिण्यासाठी 'स्वरलिपी' हा रुळलेला शब्द आहे, त्याच धर्तीवर 'नृत्यलिपी' घ्या. गंमत अशी की 'कोरिओग्राफी'चा मूळ अर्थ नाच लिहिणं हाच. राउल-ओजे फय्ये या फ्रेंच नृत्यशिक्षकानं १७०० साली पॅरिसमध्ये याच नावाचं पुस्तक छापलं. त्यात नाच बसवायचा कसा हे नाही, लिहायचा कसा हे आहे. पान म्हणजे वरून पाहिलेली जमीन. तिच्यावर नर्तकाची वाट एका रेघेनं काढायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पावलांच्या खुणा, आणि वाटेला छेदणाऱ्या बारीक रेघा म्हणजे संगीताची मापं. पुढे शब्द नाच बसवणाऱ्यांनी पळवला, लिहिणाऱ्यांना दुसरा शोधावा लागला!

— ताई, पण कथकच्या परीक्षेत 'तोडा (बोलांची छोटी रचना) लिपीबद्ध करा' असं विचारतातच की. ती नृत्यलिपी नव्हे?

— माझ्या मते ती ताललिपी. तीनतालातला तत्कार, म्हणजे पायांचे मूळ बोल, घे: ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, फुली, खालीला, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेला, शून्य, मात्रा बरोबर मांडल्या की गुण मिळाले. पण 'ता' उजव्या पायावर आणि 'आ' डाव्यावर, हे त्या ओळीत कुठे आहे? हातांचं तर नावच नको. ते गुरूंसमोर उभं राहूनच कळतं. रुडॉल्फ लाबान या नृत्य-अभ्यासकानं १९२८ साली मांडलेल्या पद्धतीत नेमकं हेच लिहिलेलं असतं. उभी पट्टी, खालून वर वाचायची; मधल्या रेघेच्या डावीकडे डावं अंग, उजवीकडे उजवं. चिन्हाच्या आकारावरून दिशा, लांबीवरून वेळ. चिन्ह काळं भरलेलं असेल तर हालचाल खालच्या पातळीवर, ठिपका असेल तर मधल्या, तिरप्या रेघा असतील तर वरच्या.

— बॅलेवाल्यांची बेनेश पद्धत वाचायला सोपी वाटते. पाच आडव्या रेघा: डोकं, खांदे, कंबर, गुडघे, जमीन.

— हो, ती १९५०च्या दशकातली. भाषांतरात 'लाबान लिपी', 'बेनेश लिपी' बिनधास्त लिहा. क्रियापद हवं असेल तर 'नाच लिपीत उतरवणे' पुरेसं आहे. 'नृत्यलिपीकरण' कृपा करून नको.