४० मीटर बँडचा डायपोल जुळेना, नावांचा घोळ कुणी सोडवेल का?

नवशिक्या_हॅम:
नमस्कार मंडळी, हॅम रेडिओचं म्हणजे हौशी बिनतारी संदेशाचं लायसन्स नुकतंच हातात आलंय आणि पहिलाच अँटेना बांधलाय, ४० मीटर बँडसाठी (फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यासाठी) साधा डायपोल, म्हणजे मधून दोन बाजूंना ताणलेली तार. नाव ४० मीटर म्हणून दोन्ही बाजूंना २०-२० मीटर तार सोडली, मध्ये बालन (तारा आणि केबल यांना जोडणारा ट्रान्सफॉर्मर), खाली रेडिओपर्यंत कोॲक्स केबल, आणि ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलाय याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) बघतो तर काटा पार शेवटाला चिकटलेला. कनेक्टर दोनदा सोल्डर केला, कोॲक्स बदलली, ढिम्म फरक नाही. त्यात वाचायला जावं तर कुणी एचएफ म्हणतं, कुणी ७ मेगाहर्ट्झ, कुणी यूव्ही मोड, कुणी एस बँड, ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत का वेगवेगळी? डोकं गरगरायला लागलंय.

तारेवरची_कसरत:
सोल्डरिंग आयर्न आधी खाली ठेवा :) कनेक्टर बिचारा निर्दोष आहे, तुम्ही ८० मीटर बँडचा डायपोल बांधलाय. ४० मीटर ही एका पूर्ण लहरीची लांबी, आणि डायपोल असतो अर्ध्या लहरीचा, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी मिळून २० मीटर, एकेका बाजूला १०. तुम्ही दुप्पट तार सोडलीत त्यामुळे ७.१ ला ती पूर्ण लहर झाली, आणि असली तार मधोमध फीड केली (कोॲक्स जोडली) की इंपीडन्स, म्हणजे तिचा एसी विरोध, हजारो ओहममध्ये जातो, ५० ओहमच्या कोॲक्सशी त्याचं कसं जमायचं? नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) असेल तर १ ते ३० मेगाहर्ट्झ अख्खा स्वीप मारा, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींवर मोजा. माझ्या मते एसडब्ल्यूआरचा खड्डा (जिथे तो सगळ्यात खाली येतो) ३.५ मेगाहर्ट्झच्या आसपास दिसेल.

नवशिक्या_हॅम:
मारला! ३.५१ ला मस्त खड्डा आणि दुसरा १०.७ ला. कसं ओळखलंत राव? पण मग ३०० भागिले लहरीची मीटरमधली लांबी म्हणजे मेगाहर्ट्झ, तर ३०० भागिले ४० केलं की ७.५ येतात, आणि बँड तर ७ पासून ७.२ पर्यंतच आहे, हे काय गौडबंगाल?

अर्धी_लहर:
बँडचं नाव हे टोपणनाव समजा. ७.१ ला खरी लहर सव्वाबेचाळीस मीटरची आहे, ३.५ ला तर ८५.७, पण १६०, ८०, ४०, २०, १० अशी निम्म्या-निम्म्याने उतरणारी नावं तोंडात बसायला सोपी. तार कापताना नाव विसरायचं आणि फ्रिक्वेन्सी धरायची, १४३ भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये. ३०० चे निम्मे १५० न घेता १४३ का, तर टोकांच्या परिणामामुळे तार आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखी वागते म्हणून पाचेक टक्के कमी घ्यायची, आणि तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असेल तर अजून थोडी कमी लागते. गंमत अशी की नावाच्या निम्मी तार घेतली तरी ४०, २० आणि १० मीटरला काम होऊन जातं, कारण नाव खऱ्या लहरीपेक्षा लहान आणि तारही कमीच लागते, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. १५ मीटरला मात्र सपशेल फसतं. साडेसात मीटर तार १९ मेगाहर्ट्झला जुळते आणि बँड सुरू होतो २१ ला, तिथे पावणेसातच लागते. छाटून छाटून पाऊण मीटर तार खाली पाडली तेव्हा मला हे कळलं.

सोल्डरचा_धूर:
नावांचं सांगतो. एचएफ हा जिल्हा म्हणा, ३ ते ३० मेगाहर्ट्झ, आणि ४० मीटर हे त्यातलं एक गाव. ३० ते ३०० व्हीएचएफ, त्यात २ मीटर, आणि ३०० ते ३००० यूएचएफ, त्यात ७० सेंटिमीटर. एस बँड ही रडारवाल्यांची अक्षरं, २ ते ४ गिगाहर्ट्झ, तुम्हाला आत्ता काही संबंध नाही. यूव्ही मोड उपग्रहवाल्यांचं, पहिलं अक्षर वर पाठवायचं आणि दुसरं खाली ऐकायचं, म्हणजे ७० सेंटिमीटरवर बोला, २ मीटरवर ऐका. हँडसेटच्या (हातात धरायच्या रेडिओच्या) खोक्यावर पण यूव्ही लिहिलेलं असतं पण तिथे अर्थ एवढाच की दोन्ही बँड चालतात, या एका गोष्टीवरून लोक हमखास गंडतात. आणि तुमचा तो १०.७ चा खड्डा म्हणजे ३.५१ ची तिप्पट, जरा वर सरकलेली; तार मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिपटीलाही जुळते. याच कारणाने २ मीटरची ४९ सेंटिमीटरची पाव लहरीची काडी (उभा अँटेना) ७० सेंटिमीटरला पण बऱ्यापैकी चालते, १४५ त्रिक ४३५.

तारेवरची_कसरत:
आणि हो, ती लांब तार कापू नका! त्याच फीडपॉइंटला दहा-दहा मीटरच्या आणखी दोन तारा जोडा आणि वरच्या तारांपासून लांब ठेवून खाली ताणा. एका कोॲक्सवर ८० आणि ४० दोन्ही. सुरुवातीला या तारा लांबीला थोड्या जास्तच ठेवा, मग छाटता येतात.

नवशिक्या_हॅम:
१०.३० च्या दोन जोडल्या, खड्डा ६.९३ ला आला! किती कापू?

अर्धी_लहर:
७.१ साठी हिशोबाने एकेका बाजूला २४-२५ सेंटिमीटर येतात, पण आधी १५ च कापा आणि परत मोजा. दोन्हीकडे सारखंच.

नवशिक्या_हॅम:
१५ कापले, ७.०३. अंधार पडला, उरलेलं उद्या.