गावातल्याच बाईला ट्रेनिंग देऊन खरंच जीव वाचतात का?

माळरान:
एका संस्थेबरोबर काम सुरू केलंय आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतो. दवाखाना लांब, गाडी मिळेल तेव्हा मिळेल, एक दिवस दवाखान्यात गेला की त्या दिवसाची मजुरी बुडाली, अशा गावांमध्ये तिथल्याच आठवी-दहावी शिकलेल्या बाईला काही आठवडे शिकवून आरोग्य कार्यकर्ती करायचं असं चाललंय. माझा डॉक्टर मित्र म्हणतो, हे म्हणजे गरिबांच्या गळ्यात कमी दर्जाची सेवा मारणं, डॉक्टर पाठवा ना तिथे. मला त्याचं पटत नाहीये पण खोडताही येत नाहीये. ज्यांनी हे काम जवळून बघितलंय त्यांनी प्लीज लिहा.

चांदणवेल:
मी नर्स आहे, बरीच वर्षं अशा बायकांना शिकवतेय. तुमच्या मित्राला विचारा की लहान मुलाचा न्यूमोनिया वेळेत पकडायला सगळ्यात आधी काय लागतं? श्वास मोजणं. मूल शांत असताना, रडत नसताना, अंगावर पीत नसताना पोट-छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही कारण तान्ह्या बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या मुलाला मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला 40 किंवा जास्त, आणि सोबत खोकला असेल तर न्यूमोनिया धरून अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सुरू. छाती आत ओढली जातेय, झटके आलेत, पीत नाहीये, उठवूनही उठत नाहीये, यातलं एक जरी दिसलं तरी सरळ दवाखाना. दोन महिन्यांच्या आतलं बाळ आणि श्वास 60 किंवा जास्त, तरी दवाखानाच.

हे शिकायला डिग्री लागत नाही हो, सराव लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा त्याच द्यायच्या. 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, नवजात मृत्यू साधारण 62 टक्क्यांनी कमी झाले होते. याला कमी दर्जा कसं म्हणायचं?

पाणवठा:
"डॉक्टर पाठवा" बद्दल थोडं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं तेव्हा त्यांनी आधी बाहेरून शिकलेल्या नर्सच गावात ठेवून बघितल्या, पण ते जमेना, मग गावांनी निवडलेल्या बायका घेतल्या. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या, आणि त्याच टिकल्या कारण रात्री बाळंतपणाला कोण अडलंय हे त्यांना आधी कळायचं.

आणि बांगलादेशची ब्रॅक ही संस्था, तिचं काम तर मला फार आवडतं. 1980 पासून दहा वर्षं त्यांच्या बायका घरोघरी जाऊन आईला चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात घालून जुलाबावरचं पाणी कसं करायचं ते तिच्याच हाताने करून घ्यायच्या, एक कोटीहून जास्त घरं झाली. त्यांचा पगार किती घरं केली यावर नव्हता, नंतर दुसरं कोणी जाऊन आईला विचारायचं आणि तिला किती आठवतंय त्यावर पैसे ठरायचे.

पायवाट:
मी स्वतः पाच वर्षं हे काम केलंय म्हणून दुसरी बाजू पण लिहिते. वर लिहिलंय ते सगळं खरंय पण पिशवीत औषध असेल तरच. आमच्याकडे एकदा तीन महिने ओआरएस आणि झिंक, म्हणजे जुलाबावरची औषधं, आलीच नाहीत, मी दारात जायचे, बाळाला जुलाब किती दिवस विचारायचे आणि मग सांगायचे की दवाखान्यात जा, ते तर त्यांना माझ्याशिवायही माहीत होतं ना. चौथ्या महिन्यात माल आला तेव्हा दोन घरांनी दारच उघडलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुसरं म्हणजे मी धाप लागलेलं मूल घेऊन रात्री दवाखान्यात गेले आणि तिथे मला बाहेर बसवून "तुला काय कळतं" म्हणाले, आईच्या समोर. त्यानंतर ती आई माझं का ऐकेल?

माळरान:
पायवाट ताई, हे वाचून गप्प झालो. पैशाचं काय? आमच्याकडे "सेवाभाव" हा शब्द फार ऐकू येतोय.

चांदणवेल:
सेवाभाव त्यांच्यात असतोच, त्यावर घर चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की कामाच्या प्रमाणात मोबदला द्या, लेखी करार करा, आणि फक्त किंवा मुख्यतः केसमागे पैसे देऊ नका. केसमागे पैसे दिले की ज्याचे पैसे मिळतात तेवढंच काम होतं, क्षयरोगाच्या पेशंटशी अर्धा तास बोलण्याचे कोण देणार? इथिओपियाने 2003 पासून वर्षभर शिकवून बायका सरकारी पगारावरच नेमल्या.

पायवाट:
माळरान, संस्थेच्या पुढच्या मीटिंगला दोनच गोष्टी विचारा. औषध संपायच्या आधी ते पोचवणार कोण, त्या माणसाचं नाव. आणि रात्री दोनला बाई फोन करेल तो उचलणार कोण. नावं मिळाली की इथे येऊन सांगा, बायका निवडायच्या कशा ते मी लिहिते.