हंगेरीत बुडापेस्टबाहेर शांत गावात तीन रात्री, कोसेग कसं आहे? कंटाळा येईल का?

अर्धवट_प्रवासी

मंडळी, जरा मदत हवीये. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्याची बुडापेस्टला कॉन्फरन्स आहे, सोबत मी आणि सासरे (वय ६७, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी). कॉन्फरन्स संपल्यावर चार दिवस मोकळे आहेत. सगळे म्हणतात व्हिएन्ना करा, प्राग करा, पण बाबांना रांगा नकोत, गर्दी नको, त्यांचं एकच, कुठल्यातरी छोट्या गावात जाऊ, बाकावर बसू, माणसं बघू. नवरा म्हणतो दुसऱ्या दिवशी आपणच एकमेकांची तोंडं बघत बसणार आहोत.

शोधता शोधता ऑस्ट्रियाच्या सीमेला अगदी चिकटलेलं कोसेग नावाचं गाव सापडलं आणि फोटो बघून मी तर पार पाघळले. तर विचारायचं असं की तीन रात्री जास्त होतील का, गाडी चालवायची नाहीये तर ट्रेनने जमतं का, आणि बाबा मांस-मासे खात नाहीत (अंडं चालतं), ते तिथे काय खातील? इंग्लिशवर भागतं का तेही सांगा.

लोणच्याची_बरणी

अगं जा, डोळे मिटून जा! मी कामासाठी दोन वर्षं ग्योरला होते, तेव्हा चार वेळा कोसेगला जाऊन आले, त्यातले दोनदा तर नुसती झोप काढायला गेले होते 😄

आधी उच्चार. स्पेलिंगमध्ये झेड दिसतो म्हणून लोक कोझेग म्हणतात, पण हंगेरियनमध्ये ते दोन अक्षरं मिळून साधा 'स' होतो. आणि 'को' म्हणताना ओठांचा चंबू करायचा, आपल्याला काही धड जमत नाही, पण तिकीट खिडकीवर समजून घेतात. जुने लोक जर्मन नाव ग्युन्स पण वापरतात. तिथे इंग्लिशपेक्षा जर्मन जास्त चालतं कारण बरीच माणसं रोज पलीकडे ऑस्ट्रियात कामाला जातात. तरुण पोरं इंग्लिश बोलतात, म्हाताऱ्यांशी हातवारे.

गाव म्हणजे साधारण अकरा-बारा हजार वस्ती. जुना भाग इतका लहान की टोकापासून टोकापर्यंत दहा मिनिटं लागत नाहीत, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांना त्रास नाही, फक्त दगडी फरसबंदी आहे तर बूट चांगले घ्या. मोठ्या चौकातलं उंच टोकदार चर्च (येशूच्या हृदयाचं, १८९४ चं) बाहेरून नेहमीसारखंच वाटतं पण आत जाऊन खांब बघा, सगळे रंगवलेले, नक्षीच नक्षी, जशी काय सतरंजी गुंडाळलीये खांबांना. तिथून वीरांच्या मनोऱ्याखालून आत गेलं की युरिशिच तेर. तेर म्हणजे चौक. हा मनोरा जुना वाटतो पण १९३२ सालचा आहे, वेढ्याला चारशे वर्षं झाली म्हणून बांधला.

वेढ्याची गोष्ट बाबांना जायच्या आधीच सांगून ठेव, आपण गडकिल्ल्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं, हे लगेच भिडतं. १५३२ चा ऑगस्ट, सुलतान सुलेमान प्रचंड फौज घेऊन व्हिएन्नावर निघालेला, वाटेत हा एवढासा किल्ला, आत सातशे-आठशे लढणारे, त्यातले बरेचसे आसपासचे शेतकरीच, आणि किल्लेदार मिक्लोश युरिशिच, मूळचा क्रोएशियन. तीन आठवड्यांच्या वर झुंजवला त्यांनी. ३० ऑगस्टला सकाळी अकरा वाजता तुर्क निघाले म्हणून कोसेगमध्ये अजूनही रोज अकराला घंटा वाजते. बाकी सगळीकडे बाराला, इथे अकरालाही. मला पहिल्यांदा वाटलं माझंच घड्याळ मागे पडलंय.

आणि एक आवर्जून बघायची गोष्ट म्हणजे किल्ल्यातल्या म्युझियममधलं द्राक्षाच्या कोंबांचं पुस्तक. १७४० पासून दरवर्षी २४ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी, मळ्यांमधले वेलाचे कोवळे कोंब नगरपालिकेत आणतात आणि ते कसे फुटलेत त्याचं चित्र या वहीत काढतात. दरवर्षी! मधे युद्धं झाली, राजे गेले, देशाच्या सीमा बदलल्या आणि ही माणसं आपली कोंबांची चित्रं काढतायत. कुठल्या वर्षी थंडी लांबली, कुठल्या वर्षी वसंत लवकर आला, ते चित्रावरून कळतं. मी त्या पानांसमोर अर्धा तास उभी होते आणि खोलीत माझ्याशिवाय कोणीही नव्हतं.

तीन रात्री बरोबर आहेत. एका दिवसात 'बघून' होतं, पण मग तू फक्त बघून येशील.

खडूस_काका

मी उलट बाजू मांडतो, कारण कोणीतरी मांडायला हवी. आम्ही तिघे मित्र सोमवारी पोचलो. म्युझियम बंद (हंगेरीत सोमवारी बहुतेक म्युझियमं बंदच असतात हे नंतर कळलं), रात्री आठला रस्त्यावर आम्ही आणि एक मांजर. नऊ वाजता जेवायला गेलो तर किचन बंद, म्हणे बिअर देतो. शांतता शांतता म्हणून लोक नाचतात पण शांतता म्हणजे दुकानं बंद, हे आधी समजून घ्या. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी गावातली छोटी दुकानं उघडी मिळतील अशी आशा धरू नका. दारावर 'न्यित्वॉ' असेल तर उघडं, 'झार्वॉ' असेल तर बंद. दुसराच शब्द जास्त दिसेल.

आणि वरच्या गोष्टीत एक दुरुस्ती. शेवटी युरिशिचने नावापुरती शरणागती दिली होती, तुर्कांचे झेंडे तटावर लावू दिले, फौज मात्र आत घेतली नाही. तोवर ऑगस्ट संपला, पावसाने रस्ते खराब, व्हिएन्नाचा बेत बारगळला. म्हणजे किल्लेदार शूर होताच पण त्याहून जास्त चतुर होता. मला हा माणूस त्यामुळे जास्त आवडतो.

चार दिवस असतील तर बालातोन सरोवराकाठी बालातोनफ्युरेद बघा, सीझन संपल्यावर तेही शांत असतं. तिथे रवींद्रनाथ टागोर १९२६ मध्ये हृदयाच्या उपचारांसाठी राहिले होते, त्यांनी लावलेलं झाड आहे, काठच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. वडीलधाऱ्या माणसाला आवडेल.

लोणच्याची_बरणी

काका, सोमवारी गेलात यात गावाची काय चूक 🙄 दुरुस्ती मात्र मान्य, ते मला माहीत नव्हतं.

रेल्वेवेडा

ट्रेनचं मी सांगतो. बुडापेस्ट केलेती स्टेशनवरून सोंबॉतहेयची थेट गाडी, साधारण अडीच तास. इंटरसिटीच्या डब्यात बसायचं तर सीट रिझर्व्हेशन लागतं, ते विसरू नका. सोंबॉतहेयला उतरून कोसेगची छोटी गाडी पकडायची, १८ किलोमीटरचा फाटा आहे, अर्ध्या तासाच्या आत पोचवते, आणि ती लाईन तिथेच संपते म्हणजे पुढे जायची भीतीच नाही. हा फाटा चालवणाऱ्या कंपनीत हंगेरी आणि ऑस्ट्रिया दोन्ही सरकारांचा वाटा आहे, डबे स्वच्छ, मला तर मुख्य लाईनपेक्षा आवडले.

गोची एकच, कोसेगचं स्टेशन गावाच्या कडेला आहे. जुन्या भागापर्यंत सामान ओढत साधारण वीस मिनिटं, आणि शेवटी ती फरसबंदी, तिथे चाकाच्या बॅगेची चाकं बोंबलतात. मुक्कामाच्या मालकाला आधी मेसेज टाका, बरेच जण न्यायला येतात.

हंगेरीत ६५ वर्षांवरच्यांना ट्रेन फुकट असं कुठेतरी वाचाल, ती सवलत युरोपियन युनियनच्या नागरिकांना आहे, आपल्या बाबांना पूर्ण तिकीट काढा नाहीतर टीसीशी हंगेरियनमध्ये वाद घालावा लागेल.

आणि ट्रेकिंगची आवड असेल तर गावाच्या मागे ईरोत्को नावाचं शिखर आहे, ८८० मीटरच्या आसपास, वरचा दगडी मनोरा बरोब्बर सीमेवर उभा आहे, अर्धा हंगेरीत अर्धा ऑस्ट्रियात. हंगेरीची ती प्रसिद्ध निळ्या पट्टीची पायवाट तिथूनच सुरू होते आणि देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते, ११०० किलोमीटरच्या वर. झाडांवर पांढरी-निळी-पांढरी पट्टी रंगवलेली असते आणि लोक वाटेतल्या ठिकाणांचे शिक्के एका वहीत गोळा करत वर्षानुवर्षं ती पूर्ण करतात. गावातून चालत वर जाऊन येणं पूर्ण दिवसाचं काम आहे, बाबांसाठी नाही. त्यांना हेतफोरॉश म्हणजे सात झऱ्यांपर्यंत जंगलात फिरवा, तेही टॅक्सीने जवळ जाऊन.

मीठभाकर

जेवणाचं कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून मी. हंगेरीत 'व्हेज आहे का' विचारलं तर हो म्हणतात आणि सूपमध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा निघतो, त्यांच्या लेखी तो चवीपुरता असतो. त्यामुळे 'हूश नेलक्युल' (मांसाशिवाय) म्हणा आणि पुढे 'सॉलोन्नॉ' आणि 'शोन्कॉ' नको हे वेगळं सांगा, बेकन आणि हॅम. तूरोश चुसॉ म्हणून पनीरसारख्या चीजच्या शेवया असतात, एकदम व्हेज वाटतात पण वर बेकन भुरभुरलेलं असतं, सांगितलं तर वगळतात. बीन्सच्या सूपपासून तर लांबच राहा. तळणाच्या बाबतीत बाबा फार काटेकोर असतील तर डुकराच्या चरबीचंही विचारा, तिला झीर म्हणतात.

बिनधास्त खायचं म्हणजे रांतोत शॉयत (चीजला ब्रेडचा चुरा लावून तळलेलं), फोझेलेक (भाजीचं घट्ट गरगट, आपल्या पातळ भाजीची चुलत बहीण, पण वर कधीकधी सॉसेज ठेवतात तेवढं बघा), आणि लांगोश. लांगोश म्हणजे भटुऱ्याचा दणकट युरोपियन भाऊ, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. एक खाल्लं की संध्याकाळपर्यंत बघायला नको. सगळं अळणी वाटलं तर किराणा दुकानातून एरोश पिश्ता नावाची तिखट पेपरिकाची बाटली घ्या, खारट आहे पण जीव वाचवते.

पैशाचं म्हणाल तर तिथे फोरिंट चालतो, युरो नाही. कार्ड बहुतेक ठिकाणी घेतात. रोख दिलं तर बिल पाचच्या पटीत गोल करतात कारण १ आणि २ फोरिंटची नाणी २००८ मध्येच बंद झाली, ४,९९८ चे ५,००० घेतले म्हणून भांडू नका (मी भांडले होते). एटीएमने 'तुमच्या चलनात हिशोब करू का' विचारलं तर नाही म्हणा.

अर्धवट_प्रवासी

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे खूप आभार. काकांमुळे नवऱ्याच्या हातात कोलीत मिळालंय, 'बघ, मांजर आणि आम्ही' एवढं एकच वाक्य तो दिवसभर म्हणतोय. पण बाबांनी बाजू घेतली, ते म्हणाले मांजर असेल तर अजून बरं. बुकिंग केलं.

अर्धवट_प्रवासी

जाऊन आलो, सांगायचं राहिलं होतं. एवढ्या लोकांनी सल्ला देऊनही आम्ही पोचलो रविवारी संध्याकाळी, म्हणजे काकांनी जे करू नका म्हणाले तेच. दोन ठिकाणी झार्वॉ, तिसरीकडे किचन नुकतंच बंद. शेवटी मुक्कामाच्या मालकीणबाईंनी ब्रेड, चीज आणि लांबट पिवळ्या मिरच्या दिल्या, आम्ही चहात ब्रेड बुडवून खाल्ला आणि नऊला झोपलो. पासपोर्ट मात्र आल्या आल्या स्कॅन करून घेतले त्यांनी, त्याशिवाय खोली देताच येत नाही म्हणे.

सोमवारी म्युझियम बंद (हो, माहीत होतं!) म्हणून नुसते फिरलो. एका गल्लीत घरं एका रेषेत नाहीत, प्रत्येक घर पुढच्यापेक्षा जरा आत सरकलेलं, करवतीच्या दातांसारखं. शत्रूवर कोपऱ्यातून मारा करता यावा म्हणून असं बांधलं असं सांगतात. एक सिनेगॉग पण आहे, १८५९ चं, गोल घुमटाचं. गावातले ज्यू १९४४ मध्ये नेले गेले, नंतर कित्येक वर्षं ते नुसतं ओस पडलेलं होतं, आता दुरुस्त केलंय. बाबा तिथे बराच वेळ काही बोलले नाहीत.

द्राक्षांचं पुस्तक मंगळवारी बघितलं. बरणीताई, तू म्हणालीस तसंच, खोलीत फक्त आम्ही.

पण खरी मजा बाकावर झाली. बाबा रोज साडेदहाला युरिशिच तेरवर जाऊन बसायचे, घंटेसाठी. दुसऱ्या दिवशी एक आजोबा शेजारी येऊन बसले. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. बाबा म्हणाले इंडिया. आजोबा एकदम खूश, म्हणाले चोमा! चोमा! मग म्हणाले दार्जिलिंग! बाबांना वाटलं चहा हवाय. आम्ही संध्याकाळी शोधलं तेव्हा कळलं, कोरोशी चोमा शांदोर म्हणून हंगेरियन भाषापंडित होता, आपल्या लोकांचं मूळ शोधत आशियात निघाला आणि लडाखकडे पोचून तिबेटी शिकत बसला, १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश कलकत्त्याला छापला, १८४२ मध्ये दार्जिलिंगला वारला, कबर तिथेच आहे. तिसऱ्या दिवशी बाबा आजोबांना भेटल्यावर आधी 'चोमा' म्हणाले आणि मग दोघं अकरा वाजेपर्यंत गप्प बसून राहिले.

नवऱ्याला कंटाळा आला का? आला. दुसऱ्या दिवशी दुपारी. मग तो ईरोत्कोला चालत गेला आणि संध्याकाळी पाय धरून परत आला.

खडूस_काका

आणि मांजर?

अर्धवट_प्रवासी

दोन होत्या काका.