अनुभव धागा : गावात दवाखान्याचा विमा नेमका कुणाला लागू पडतो?

मंडळी, केज-अंबाजोगाई पट्ट्यातलं आमचं बाजाराचं गाव. कमावती पोरं चाकण-रांजणगावला, दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मागं उरतात म्हातारीकोतारी नि शाळकरी लेकरं. रेशनकार्डावर मात्र सगळं खटलं गावातच नांदतंय! २०२३ मध्ये महात्मा फुले योजना, म्हणजे रेशनकार्डावर मिळणारा सरकारी मोफत उपचार, जास्त उत्पन्नवाल्यांच्या पांढऱ्या कार्डालाही लागू करायचं ठरलं, उपचाराच्या मर्यादेचे दीड लाखाचे पाच लाख झाले. म्हणजे कागदावर बिनविम्याचं घर उरायला नको. तरी पेशंट लातूरला हलवायचा म्हटलं की पहिला फोन सोनाराला जातो. असं का होतं? आपापल्या घरातलं सांगा. राजकारण नको, एजंटांनी तर लांबच राहा.

धारूरची सून
लग्न झालं तसं माहेरच्या कार्डातून माझं नाव कमी केलं. सासरच्या कार्डात चढवायचं राहिलं, कारण रेशनचं धान्य तसंही पुरत होतं. मुतखड्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा मी कुठल्याच कार्डात नव्हते. मालकांनी बैल विकला. सासूबाई अजून म्हणतात, 'नाव चढवायला तहसीलात कुणी जायचं, पेरणीचे दिवस होते.' खरंय त्यांचंही.

निवृत्त गुरुजी
सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून मोफत उपचाराचं वय वंदना कार्ड मिळतंय, उत्पन्नाची अट नाही. मी आमच्या वहिनींना घेऊन सेवा केंद्रावर गेलो. खुरपून खुरपून बोटांच्या रेषाच गेलेल्या, अंगठा काही उठेना. मग ओटीपी. आधारला नंबर लेकाचा. लेक कंपनीत, मोबाइल लॉकरमध्ये. शिफ्ट सुटेपर्यंत वहिनी तिथल्या बाकड्यावर पदराने घाम पुसत बसल्या. शेवटी केंद्रवाल्या पोराने चेहरा स्कॅन करून काम केलं. ते आधीच का नाही केलं, हे विचारायची माझी फार इच्छा होती.

एक आरोग्यमित्र
दादा-ताई, दवाखान्यात योजनेचे कागद बघणाऱ्या आमच्याही बाजूने ऐका. नातेवाईक आधी डिपॉझिट भरतात, सगळं बिल होत आलं की खिशातून कार्ड काढतात. योजनेला आधी मंजुरी लागते. इमर्जन्सीत कागद मागून दिलेले चालतात, पण दाखल होतानाच सांगा. दुसरं, दवाखान्यावर योजनेचा बोर्ड आहे म्हणजे तिथले सगळे विभाग योजनेत असतात असं नाही. हाडांचा असेल, हृदयाचा नसेल. निघण्याआधी १५५३८८ वर विचारून घ्या, गाडीभाडं वाचेल.

मेडिकलवाला
गावाचा दवाखान्याचा खरा खर्च माझ्या काउंटरवर होतो. बीपी, शुगर, गुडघे. अॅडमिट न होता घ्यायच्या या गोळ्यांना योजनेत जागा नाही. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या कापून मागतात, 'बाकीच्या बाजारच्या दिवशी'. बाजार येतो, माणूस येत नाही. पुढं एक दिवस तोंड वाकडं झालेलं माणूस जीपमध्ये घालून नेतात, आणि तिथून पुढच्या हजारोंच्या उपचाराला मात्र योजना हजर! मला यातलं गणित कळत नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट आहेत, पण त्या संपलेल्या नसतील तर.

रांजणगावकर
पगार २१,००० च्या आत होता तोवर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा होता, त्यात माझ्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही बसत. पगारवाढ झाली आणि बाहेर पडलो. आता कंपनीचा ग्रुप विमा; त्यात मी, बायको, पोरं. आई-वडिलांसाठी वेगळा हप्ता, तो ऐकून पगारवाढ परत करावीशी वाटली. आमचे दाजी साखर कारखान्यात आहेत. साखर कारखाना कायद्याने हंगामी, म्हणून त्यांना ईएसआय कधी लागूच नव्हतं.

ऊसतोड कुटुंबातली मुलगी
आई-बापू कराडकडं फडात असतात. योजना तिथंही चालते, जिल्हा आडवा येत नाही. आडवा येतो खाडा. एक दिवस कोयता बंद की मुकादम त्याचे पैसे लावतो. आईचं अंगावरचं दुखणं चैतापर्यंत तसंच पुढं ढकललं जातं. आणि कार्ड? ते इथं आजीच्या पेटीत, कारण रेशन आजीला उचलायचं असतं. मी कार्डाचा नि आधारचा फोटो काढून दोघांच्या मोबाइलात टाकून दिलाय.

अडत दुकानदार
खासगी पॉलिसी घेतली आहे. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षं थांबा, हे ठाऊक होतं. रूमभाड्याची मर्यादा आहे हे मात्र एजंट बोलला नव्हता. वरची रूम घेतली की नुसतं भाडंच नाही, बाकीच्या बिलालाही त्या प्रमाणात कात्री. असो, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला, तेवढा हप्ता हलका झाला.

धागाकर्ता
धारूरच्या ताई, नाव आता तरी चढलं का? आमच्या घरी तिघा भावांचं अजून एकच कार्ड. पाच लाख कुटुंबाला मिळून, वर्षाला. गेल्या साली एकाच वर्षात वडिलांचं हृदय आणि पुतण्याचा अपघात, दोन्ही त्यातच बसवावं लागलं. कार्ड वेगळं करू म्हटलं की आई म्हणते, 'चूल फोडता का?'

धारूरची सून
नाही अजून. तहसीलात फॉर्म कोणता मागायचा?

निवृत्त गुरुजी
नाव वाढवायला नमुना ८, कमी करायला ९. माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला सोबत न्या, नाहीतर पुन्हा हेलपाटा.