दुःखात ख्रिस्ती स्तोत्राचा आधार वाटतो. वर्षश्राद्धाला ते घरी लावावे का?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. गेल्या पावसाळ्यात ते वारले. दर वर्षी २९ जानेवारीला दिल्लीतला लष्करी बँडचा बीटिंग रिट्रीट सोहळा ते दूरदर्शनवर न चुकता पाहत, आणि ‘अबाइड विथ मी’ ही धून सुरू झाली की आम्हाला आवाज वाढवायला सांगून खुर्चीत ताठ बसत. २०२२ मध्ये ती धून कार्यक्रमातून वगळली गेली, तेव्हा त्यांनी तिचे जुने ध्वनिमुद्रण माझ्याकडून फोनवर उतरवून घेतले होते.

आमचे घर माळकरी आहे. बाराव्याच्या रात्री गल्लीतल्या भजनी मंडळाने अभंग म्हटले, तेव्हा मी पोटभर रडले आणि त्याचा उपयोगही झाला. मात्र त्यानंतर, विशेषतः दिवेलागणीच्या सुमारास, घर खायला उठते आणि अशा वेळी मला तीच धून ऐकावीशी वाटते. हे स्तोत्र आहे एवढेच मला ठाऊक आहे. ते कोणी, कशासाठी लिहिले आणि त्यात काय म्हटले आहे, हे कळत नाही. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी ते घरी लावावे असे माझ्या मनात आहे, पण श्राद्धाच्या दिवशी चर्चमधले गाणे नको, असे काकांचे मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (कॅम्प, बेळगाव, निवृत्त शिक्षिका)

ताई, आमच्या मेथोडिस्ट मंडळीत हे स्तोत्र दफनविधीला आणि संध्याकाळच्या उपासनेलाही गातात, म्हणून थोडे लिहिते. हेन्री फ्रान्सिस लाइट हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या बंदरगावी पाळक होते. त्यांची फुप्फुसे निकामी होत चालली होती. १८४७ च्या सप्टेंबरात मंडळीपुढे शेवटचे प्रवचन करून ते हवापालटासाठी दक्षिणेकडे निघाले आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला आजच्या फ्रान्समधल्या नीस येथे वारले. स्तोत्र त्याच शेवटच्या काळातले मानले जाते. म्हणजे ते मागे उरलेल्याने गेलेल्यासाठी लिहिलेले नाही, तर जो स्वतः जायला निघाला आहे त्याने स्वतःसाठी केलेली ती विनवणी आहे.

त्याचा धागा बायबलातल्या लूककृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात सापडतो. येशूला क्रूसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी दोन शिष्य खिन्न मनाने अम्माऊस गावाकडे चाललेले असतात. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना सोबत करतो, आणि गाव जवळ आल्यावर तो पुढे जाऊ लागतो तेव्हा ते त्याला आग्रह करतात की, दिवस कलला आहे, आज आमच्याकडेच राहा. तो पुनरुत्थित येशूच आहे हे त्यांना त्या वेळी कळलेले नसते. लाइट यांनी तोच आग्रह उचलला आहे: अंधार दाटतो आहे, बाकीचे सगळे आधार सुटले, भोवतीचे सारे बदलते आणि झिजते, तू मात्र बदलत नाहीस, तेव्हा प्रभू, माझ्यापाशी राहा. शेवटच्या कडव्यात डोळे मिटताना क्रूस दिसत राहावा, अशी मागणी आहे. तुम्हाला दिवेलागणीलाच ते का आठवते, याचे उत्तर कदाचित यात मिळेल.

आज ऐकू येणारी चाल विल्यम हेन्री मंक यांनी १८६१ मध्ये दिली. त्या दिवसांत मंक आणि त्यांची पत्नी मोठ्या दुःखात होते आणि रोज एकत्र मावळता सूर्य पाहत असत, असे त्या पत्नीने पुढे सांगितले आहे.

उत्तर (खानापूर तालुका)

बाईंनी माहिती उत्तम दिली आहे. मला थोडे वेगळे सांगायचे आहे. आम्ही कॅथलिक. स्तोत्राने दुःख हलके होते असे लोक सहज बोलून जातात, ते मला पटत नाही. माझ्या पत्नीच्या दफनाच्या वेळी माझ्या तोंडून एक ओळसुद्धा फुटली नाही. शेजारच्याने पुस्तक उघडून माझ्यापुढे धरले होते, आणि त्याच्या अंगठ्याखाली अर्धे कडवे झाकले गेले होते, एवढेच मला आठवते. गाणे गायकवृंदाने आणि गावकऱ्यांनी म्हटले. पुढे कित्येक दिवसांनी मला जाणवले की त्या दिवशी माझ्या वाट्याचे गाणे इतरांनी गायले होते, आणि स्तोत्र चारचौघांनी मिळून गाण्यामागे हेही एक कारण असावे.

दुसरे असे की, बायबलातील दीडशे स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याच्या शेवटी दिलाशाचा एक शब्दही नाही. लाजर या मेलेल्या मित्राला आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असतानाही त्याच्या कबरीकडे जाताना येशू रडला, असे योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो. म्हणून ताई, ती धून ऐकून रडू आले तर येऊ द्या, आणि एखाद्या संध्याकाळी ती नकोशी झाली तर खुशाल बंद करा. नातेवाईक तुमच्याकडून धीराची अपेक्षा करतील. ती पुरी करण्यासाठी स्तोत्र वापरू नका. आमच्याकडे २ नोव्हेंबरला कबरींवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतात, त्या दिवशीही दर वर्षी कोणी ना कोणी रडतेच, आणि त्याला कोणी गप्प करत नाही.

उत्तर (निपाणी)

मी वारकरी आहे, त्यामुळे काकांची अडचण मला समजते, पण ती दूर होण्यासारखी आहे असे वाटते. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. चर्चमधल्या गाण्याला त्यांनी अभंगाचे आणि ओवीचे वळण दिले. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी येशूची कथा मराठी ओव्यांत लिहून गोव्यात छापली होती. इतकी जुनी देवघेव असताना एका संध्याकाळच्या धुनीने घर बाटते, असे कोणी म्हणू नये. भेद आहेत, ते मी पुसू पाहत नाही. क्रूसाच्या कडव्यातली श्रद्धा तुमची नसेल तर ती तोंडदेखली म्हणण्याचे कारण नाही. पण ‘तू माझ्यापाशी राहा’ ही विनवणी विठ्ठलापुढे उभे राहून केली तर ती परकी वाटेल का? पिंडदान आणि जेवणे सकाळी रीतीप्रमाणे होऊ द्या, संध्याकाळी आधी हरिपाठ म्हणा आणि त्यानंतर ही धून लावा. माझ्या मते काकांची हरकत अर्थ माहीत नसल्यामुळे आहे, तेव्हा वरच्या उत्तरातला अर्थ त्यांना आधी वाचून दाखवा.

उत्तर (हिंडलगा, निवृत्त बँडवाला)

सुभेदार साहेबांना माझा रामराम. लष्कराच्या बँडमध्ये ही धून आम्ही जात-धर्म न पाहता शिकलो. दिल्लीच्या सोहळ्यात मुख्य बँड वाजवत असताना लांबून घंटानाद येत असे. तुमच्या ध्वनिमुद्रणात तो असेल तर तेच लावा, बाजारू वाद्यवृंदाचे लावू नका. घरात कोणी हार्मोनियम वाजवणारे असेल तर त्याहून चांगले, कारण चाल चारच ओळींची असून सगळे सूर एका सप्तकात बसतात. मात्र लय ओढू नये. नवशिके तिला रडकी करून टाकतात. ती चालत्या माणसाच्या श्वासाने वाजवावी, असे आम्हाला शिकवले होते. काका ऐकतच नसतील तर शब्द सोडा, नुसती धून वाजवा. साहेबांनीही आयुष्यभर ती तशीच ऐकली असणार.